गुंड्याची शुगर आणि दोन रंगांची टोपणं

वाचक विचारतात : घरातले प्राणी

प्रश्न : आमचा गुंड्या नऊ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. दोन महिन्यांपासून पाणी फार पितो. ट्रेमधली माती दिवसातून दोनदा बदलावी लागते आणि तिथे मुंग्या लागतात. खातो भरपूर, तरी वजन ६ किलोवरून ४.८ वर आलंय. दवाखान्यात शुगर ३५६ निघाली, लघवीतही साखर आहे. डॉक्टर म्हणतात, रोज दोन वेळा इन्शुलिन. आमच्या सासूबाई ३०/७० चं इन्शुलिन घेतात आणि सासऱ्यांना ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी आहे. त्यातलंच थोडं गुंड्याला दिलं तर चालेल का? की मांजरांसाठी एखादी स्वस्त गोळी मिळते?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सासऱ्यांच्या गोळीला हात लावू नका, आणि सासूबाईंची बाटली फ्रीजमध्ये आहे तिथेच राहू द्या.

ग्लिमेपिराइडचा अगदी छोटा तुकडासुद्धा मांजराची शुगर धोक्याच्या खाली नेऊ शकतो, आणि तिथून ती लवकर वर येत नाही. मेटफॉर्मिन एकटं दिलं तर मांजरात उपयोगाचं ठरत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर उलट बाधतं. सासूबाईंच्या ३०/७० मधला तीस टक्के भाग झटपट काम करणारा असतो आणि उरलेला सत्तर टक्के भाग मांजराच्या अंगात सहा ते आठ तासांत संपतो. म्हणजे दुपारी शुगर तळाला आणि संध्याकाळी पुन्हा चारशेला. माणसाला बारा तास पुरणारं औषध मांजराला पुरत नाही.

आधी निदानाबद्दल, कारण खर्च इथूनच वाचतो किंवा वाढतो. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेल्या धडधाकट मांजराची शुगरही तीनशेच्या वर जाऊ शकते. नुसत्या एका आकड्यावर इन्शुलिन सुरू करणं चूक. पण गुंड्याच्या बाबतीत तहान, वजन आणि लघवीतली साखर तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. मांजराच्या रक्तात साखर साधारण २५० ते २७० च्या वर गेली की ती लघवीत उतरते, मुंग्या त्याच्याच. तरीही खात्री हवी असेल तर फ्रुक्टोसामाइन तपासणी करून घ्या. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, त्या दिवशीची भीती तिच्यात येत नाही. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसाची असते, म्हणून आकडा पशुवैद्यांनाच वाचू द्या. त्याच वेळी लघवीतले कीटोन (इन्शुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की साठणारे घातक पदार्थ), लघवीचा जंतुसंसर्ग, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि थायरॉइड बघून घ्यावं. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढला तरी खा-खा होते आणि वजन उतरतं. आणि एक आठवा : गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंडाच्या सुजेसाठी स्टेरॉइडचं लांब टिकणारं इंजेक्शन दिलं होतं का? असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कधीकधी शुगर तिथूनच सुरू होते.

आता औषध. मांजरासाठी आपल्याकडे सहज मिळणारं आणि भरवशाचं म्हणजे माणसांचंच ग्लार्जिन नावाचं संथ चालणारं इन्शुलिन, दर १२ तासांनी. लँटस, बेसालॉग, ग्लारिटस ही त्याची नावं. ग्लार्जिन २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलं, त्यामुळे त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. घेताना मोठी १० मिलीची बाटली घेऊ नका. तिच्यात १००० युनिट असतात. रोज दोन युनिट लागणाऱ्या बोक्याला ती सव्वा वर्षाहून जास्त पुरेल आणि त्याच्या फार आधी खराब होईल. ३ मिलीचं कार्ट्रिज घ्या. त्यात ३०० युनिट असतात. वेष्टनावर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेलं असतं, पण तो हिशेब बाहेरच्या तापमानाचा आहे. फ्रीजमध्ये ठेवलेलं, पाण्यासारखं स्वच्छ असलेलं कार्ट्रिज त्यापुढेही वापरू द्यायचं की नाही, हे पशुवैद्यांना विचारून ठरवा. पुष्कळ जण वापरू देतात. गढूळ झालं, कण दिसले किंवा विनाकारण शुगर चढू लागली, की ते फेकायचं. ‘टूजिओ’ नावाचंही ग्लार्जिनच आहे, पण ते एका मिलीत ३०० युनिटचं, तिप्पट जहाल. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दिलं तरी परत करा.

कार्ट्रिज घालून टोचायचं इन्शुलिन पेन घेऊ नका. बहुतेक पेन एकेका युनिटने पुढे सरकतात, अर्धा युनिट देता येत नाही. शिवाय दर वेळी सुई तपासायला दोन युनिट हवेत सोडायचे आणि बोक्याला द्यायचा एक. कार्ट्रिजच्या रबरातून सिरिंजने औषध ओढायचं. त्यासाठी आत हवा भरायची नाही आणि ते कार्ट्रिज पुन्हा पेनमध्ये घालायचं नाही.

सिरिंज मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्यात मोठा अपघात इथेच होतो. आपल्या देशात इन्शुलिन दोन ताकदींत विकलं जातं : एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १००. पहिल्याच्या सिरिंजचं टोपण लाल, दुसऱ्याच्या सिरिंजचं केशरी. सासूबाईंची बाटली ४० ची असेल तर घरात लाल टोपणाच्या सिरिंजा असणारच. ग्लार्जिन १०० चं असतं. ते लाल सिरिंजमध्ये ‘१’ च्या रेषेपर्यंत ओढलं तर अंगात जातात अडीच युनिट. चुकून दोन दिवस असं झालं तर मांजर आडवं पडतं. गुंड्यासाठी केशरी टोपणाची, ३० युनिटची म्हणजे ०.३ मिलीची, शक्यतो अर्ध्या युनिटच्या रेषा असलेली सिरिंज हवी. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती नसते. दवा बाजारात चौकशी करा आणि शंभर सिरिंजांचा डबाच घ्या. दोघांच्या सिरिंजा एका खणात ठेवू नका.

एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, पाण्याच्या एका थेंबाचा साधारण पाचवा भाग. सिरिंजमध्ये मोहरीएवढा, दोन मिलिमीटरचा बुडबुडा राहिला तर तोच जवळजवळ अर्धा युनिट खातो. म्हणून तीन-चार युनिट ओढा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की हवा आणि जास्तीचं औषध बाहेर सोडून रेषेवर या. जास्तीचं कार्ट्रिजमध्ये परत ढकलू नका. ग्लार्जिन हलवायचं नाही, पाणी घालून पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्शुलिनमध्ये मिसळायचं नाही. ते आम्लधर्मी असतं. भेसळ झाली की त्याचा संथपणा जातो.

गुंड्याच्या आकाराच्या बोक्याला सुरुवात बहुधा १ युनिट, दर १२ तासांनी. किलोला पाव युनिटच्या हिशेबाने १.२ येतात, पण खाली उतरून एकच घेतात. बोका ताटलीत तोंड घालून खात असताना मानेमागची नव्हे तर बरगड्यांच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरा, तंबूसारखी उचला आणि तळाशी सुई घाला. रोज जागा थोडी बदला. केस ओले लागले तर औषध बाहेर गेलं. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती गेलं ते कुणालाच माहीत नसतं. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. डोस पाच ते सात दिवस तोच ठेवतात, मग गरज पडल्यास अर्ध्या युनिटने बदलतात. काल शुगर जास्त दिसली म्हणून आज स्वतःच्या मनाने अर्धा युनिट वाढवणं ही घरोघरची चूक आहे.

गोळ्यांचं विचारलंत. मांजरात वापरली गेलेली माणसांची जुनी गोळी म्हणजे ग्लिपिझाइड, २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. साधारण तीनातल्या एका मांजराला गुण येतो, उलट्या होतात, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ती चालते का हे बघण्यात जे आठवडे जातात, तेच आठवडे स्वादुपिंडाला सावरायला मोलाचे असतात. शुगर कळल्यावर पहिल्या काही महिन्यांत ग्लार्जिन आणि योग्य आहार मिळाला, तर बऱ्याच मांजरांचं इन्शुलिन पुढे बंदही होतं. सहा महिने वाया घालवले की ती शक्यता फार कमी उरते. आमच्या मते इंजेक्शनच्या भीतीने गोळी निवडणं, हाच यातला महागडा मार्ग.

अमेरिकेत खास मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन (डिसेंबर २०२२) आणि वेलाग्लिफ्लोझिन (२०२३) ही तोंडाने द्यायची दोन औषधं मंजूर झाली. ती पूर्वी कधीच इन्शुलिन न घेतलेल्या, खातापिता चांगल्या मांजरासाठीच आहेत. त्यांत शुगर जवळपास नॉर्मल दिसत असताना अंगात कीटोनचं विष साठू शकतं आणि मीटरवर काहीच कळत नाही. त्याच कुळातल्या माणसांच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, आता स्वस्त झाल्यात म्हणून पाव तुकडा करून देण्याचा मोह होईल. देऊ नका. कारल्याचा रस, मेथ्या आणि जांभळाच्या बियांची पूड यांनी मांजराची शुगर उतरत नाही. आणि बोक्याला कारलं पाजणाऱ्याच्या हातांची कीव येते.

प्रश्न : आमच्या घरी मांसाहार नाही. मनी लहानपणापासून दूध-पोळी आणि कोरडं कॅट फूड खाते. आता तिला शुगर निघाली. ओल्या अन्नाची पाकिटं रोज परवडत नाहीत. काय द्यावं?
— राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दूध-पोळी आजपासून बंद. आजी रागावतील, पण हिशेब बघा. साडेचार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २२० कॅलरी लागतात. शुगरच्या मांजरात त्यातल्या जेमतेम १२ टक्के पिष्टातून आलेल्या चालतात, म्हणजे दिवसाला सातेक ग्रॅम. एका साध्या पोळीत पंधराच्या आसपास ग्रॅम असतात. अर्धी पोळी खाल्ली की दिवसाचा कोटा संपला, आणि दुधातली साखर वेगळीच.

पाकिटावर पिष्टाचा आकडा सहसा छापत नाहीत, तो काढावा लागतो. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज १०० मधून वजा करा. उरलं ते पिष्ट. (राख छापली नसेल तर कोरड्या अन्नात ८, ओल्यात २ धरा.) मग पिष्ट आणि प्रथिनांना ३.५ ने, स्निग्धांशाला ८.५ ने गुणलं की कॅलरी मिळतात. समजा कोरड्या अन्नावर लिहिलंय प्रथिनं ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८. उरले ३८. त्याच्या १३३ कॅलरी, एकूण ३२३ पैकी. म्हणजे ४१ टक्के. ओल्या पाकिटावर १०, ४, अर्धा, ८२ आणि २ असेल तर पिष्ट दीड टक्का आणि कॅलरीतला वाटा फक्त ७ टक्के. महाग असलं तरी ओलं अन्न का, ते यावरून कळेल.

पण अशा ८० ग्रॅमच्या पाकिटात साठेकच कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ चार पाकिटं. ती परवडत नसतील तर निम्म्या कॅलरी पाकिटांतून द्या आणि उरलेल्यासाठी वरच्या हिशेबाने सर्वांत कमी पिष्टाचं कोरडं अन्न शोधा. पिल्लांसाठीच्या कोरड्या अन्नात बऱ्याचदा प्रथिनं जास्त असतात. त्याचंही लेबल वाचा. घरात अंडं चालत असेल तर उकडलेल्या अंड्यात ७० कॅलरी आणि पिष्ट एका ग्रॅमहून कमी, ते वरचं खाणं म्हणून चांगलं. चिकन बाहेरून आणून वेगळ्या भांड्यात उकडायची तयारी असेल तर कांदा, लसूण, मीठ न घालता उकडा आणि पाणीही मनीलाच द्या, कारण टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य त्या पाण्यात उतरतं. मात्र नुसतं चिकन किंवा नुसती अंडी हे पूर्ण अन्न नव्हे. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळ्यांचा पडदा बिघडतो, कॅल्शियम कमी पडलं की हाडं. निव्वळ शाकाहारावर तर मांजर जगवताच येत नाही, शुगर असो वा नसो.

अन्न सात-दहा दिवसांत हळूहळू बदला आणि बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. हे विसरू नका. पिष्ट कमी झालं की इन्शुलिनची गरज झपाट्याने उतरते. डोस तोच राहिला तर शुगर कोसळते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं गणित वेगळं, तेही विचारूनच. मनी जाड असली तरी उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते दुखणं शुगरपेक्षा वाईट. उत्तम अन्न चार दिवस आणि मग पुन्हा भलतंच काही, यापेक्षा मध्यम अन्न रोज तेच, तेवढंच, हे कधीही बरं.

प्रश्न : घरी बाबांचा ग्लुकोमीटर आहे. त्यावर मांजराची शुगर बघता येते का? रक्त कुठून काढायचं?
— वैशाली नगर, इंदूर

उत्तर : येते. माणसांचा मीटर मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवा आणि दर वेळी तोच मीटर वापरा; नोंदवहीत दोन मीटरचे आकडे मिसळू नका. ज्याच्या पट्टीला एक मायक्रोलिटरहून कमी रक्त पुरतं असा मीटर निवडा.

रक्त कानाच्या कडेतून घ्यायचं. मोज्यात मूठभर तांदूळ भरून गरम करा, स्वतःच्या मनगटावर ऊब तपासा आणि कानाला अर्धा मिनिट लावा. थंड कानातून रक्त येत नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांचं इथेच बिनसतं. कडेवर व्हॅसलिनचा पुसट हात फिरवा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, गोळा होतो. आतल्या बाजूला कापसाचा बोळा धरा, नाहीतर लॅन्सेट (रक्त काढायची बारीक सुई) आरपार तुमच्या बोटात. कडेने धावणारी बारीक शीर आणि कानाची कड यांच्या मधली चिंचोळी पट्टी, तिथे टोचा. सुरुवातीला २६ किंवा २८ गेजचं लॅन्सेट घ्या; ३३ चं नाजूक असतं पण नवख्या कानातून थेंब काढत नाही. मीटरमध्ये पट्टी आधीच घालून ठेवा. झाल्यावर पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि लगेच चिकनचा तुकडा द्या. आठवड्याभरात मांजर मोज्याचा आवाज ऐकून स्वतःहून येऊन बसतं, तुकड्यासाठी.

पट्ट्या महाग, म्हणून त्या कुठे खर्चायच्या हे ठरवा. सकाळच्या डोसआधी एक, आणि डोसनंतर सहाएक तासांनी, जेव्हा शुगर तळाला असते तेव्हा एक. डोस बदलल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी दर दोन तासांनी, बारा तासांत सात. तळाचा आकडा ८० ते १५० मध्ये राहिला तर छान चाललंय. डोसआधीच १५० च्या खाली दिसली तर टोचू नका, फोन करा. घरी काढलेला असा आलेख दवाखान्यात दिवसभर पिंजऱ्यात बसवून काढलेल्यापेक्षा खरा असतो, आणि पट्ट्या सोडल्या तर फुकट. त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवा. दुसरं मत हवं असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. नोंदवही बरोबर न्या.

प्रश्न : सकाळी मी इन्शुलिन दिलं आणि तासाभराने यांनीही दिलं. मांजर ठीक आहे, पण जीव घाबरलाय. अशा वेळी काय करावं?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : लगेच खायला द्या, डॉक्टरांना फोन करा आणि दर तासाला शुगर बघा. ग्लार्जिन लांब चालतं, म्हणून दुपारी बरं दिसलं तरी संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. संध्याकाळचा डोस विचारल्याशिवाय नाही.

मीटरवर ६० च्या खाली, किंवा मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, शून्यात बघतंय, तर आकड्याचीही वाट बघू नका. शुद्धीवर असेल तर जेवण. खात नसेल तर एक चमचा ग्लुकोज पावडर दोन चमचे पाण्यात कालवा, किंवा मध घ्या, आणि बोटाने हिरड्यांवर चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि बोट दातांत सापडेल असं घालू नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्धीवर आलं की नेहमीचं अन्न, आणि गाडी काढून दवाखान्यात.

याच्या उलटही ओळखा : खात नाही, उलट्या, मलूल, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर ते त्याच दिवशी दवाखान्याचं काम. सलाइनशिवाय भागत नाही. आणि मांजराने जेवणच नाकारलं तर पूर्ण डोस कधीच देऊ नका, आधी विचारा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून : रात्री दोन सिरिंजा एका वाटीत काढून ठेवा. सकाळी एक कमी झाली म्हणजे डोस झाला. शिवाय कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात टोचणाऱ्याने खूण करायची. दुधाच्या हिशेबाशेजारी.

प्रश्न : मे महिन्यात आठ दिवस लग्नाला जायचंय, मांजर शेजाऱ्यांकडे राहील. त्यांच्याकडे फ्रीज बिघडलाय. इन्शुलिन टिकेल का? आणि वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?
— लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : उघडलेलं ग्लार्जिन ३० अंशांपर्यंत टिकतं, इंदूरच्या मे महिन्यात खोली त्याच्या वर जाते. कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डबीत घाला आणि डबी पाण्याने भरलेल्या मातीच्या माठात तरंगत ठेवा. माठ सावलीत, वारा लागेल असा. आपली कोरडी हवा इथे कामी येते. बर्फात थेट ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला तसंच असतं, पण निकामी. फ्रीज दुरुस्त झाला तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाशी नाही. नवं न उघडलेलं कार्ट्रिज तुमच्याच फ्रीजमध्ये राहू द्या आणि किल्ली त्यांना द्या. निघण्याआधी शेजाऱ्यांकडून तुमच्यासमोर निदान चार डोस टोचून घ्या.

सुई एकदाच वापरा. दुसऱ्या वेळी टोक बोथट होतं, मांजर उसळतं, आणि कार्ट्रिजमध्ये जंतू जातात. वापरलेल्या सिरिंजा टोपणासकट जाड प्लास्टिकच्या बाटलीत, फिनाइलची रिकामी बाटली उत्तम, साठवा. भरली की झाकणावर चिकटपट्टी लावा, वर ‘सुया’ लिहा आणि कचरागाडी आली की घरगुती घातक कचऱ्याच्या खणात वेगळी द्या. ओल्या-सुक्यात टाकली तर वेगळं करणाऱ्याच्या हाताला टोचते.